माझ्या जंगलाची शिस्त

३ मार्च
ठरलं. आमच्या संगणकावरच्या हवामानाच्या मॉडेलच्या नव्या आवृत्तीत एकच जंगल राहणार, मी लिहिलेलं नाहीतर सहकारी डेलियाने लिहिलेलं. माझ्या जंगलात दरवर्षी शंभरातली दोन झाडं मरतात. बावीस वर्षं तशीच मरताहेत. याला शिस्त म्हणतात. तिच्या जंगलात दुष्काळ, वणवे, साल पोखरणारे भुंगे! हे विज्ञान की तमाशा?

९ मार्च
डेलिया म्हणाली, वेंडेल, एकदा जंगलात ये तरी. मी म्हटलं, बूट झिजवून विज्ञान होत नाही, बाई. सगळे हसले. तीही हसली, जरा कमी.

१४ मार्च, सकाळी ७
परसातला पाइन तांबडा पडलाय. बायको म्हणते, मेला. मी सांगितलं, सरासरीने जिवंत आहे. तिने करवतवाल्याला फोन केला. अडाणीपणा.

२ एप्रिल
माझं जंगल गेल्या चाळीस वर्षांवर चालवून पाहिलं. आलेखाची रेघ खऱ्या जंगलांच्या नोंदींशी जुळत नाही. नोंदी चुकल्या असाव्यात.

१९ एप्रिल
सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी. ज्या जंगलापुढे १ ते चालू, ० ते बंद. काल तुलनेसाठी तिचं चालवायला ठेवलं होतं, निकाल बघायची गरज वाटली नाही. आज माझ्या ओळीत १ आणि तिच्या ओळीत ० टाकला. चष्मा घरी राहिला, पण हात सवयीचा.

२४ एप्रिल
जुळली! वणव्याच्या वर्षांतले खड्डेसुद्धा जुळले. मी काहीच बदललं नव्हतं. मुरलंय मॉडेल.

११ मे
समितीपुढे रेघ दाखवली. म्हणालो, हे जंगल लिहिणाऱ्याला झाडाचं मरण कळलंय. टाळ्या! मग डेलियाला सांगितलं, आता बूट विकून टाक. तिने एकोणीस उन्हाळे जंगलात झाडं मोजली म्हणे. डोळे पुसत होती. परागांची ॲलर्जी असेल.

१२ मे
इथला नियम, चित्राबरोबर सेटिंगची फाइलही सगळ्यांना द्यायची. दिली. वर लिहिलं, शिका.

१५ मे
आमच्या प्रमुखाने, गार्थने, बोलावलं. फाइल समोर. माझ्यापुढे ०. तिच्यापुढे १. डेलिया खिडकीशी उभी होती.

माझं जंगल काढून टाकणार. बावीस वर्षं. जूनच्या परिषदेत डेलियाच्या जंगलाची ओळख मीच करून द्यायची. गार्थ म्हणाला, अरे, तिची इतकी तारीफ आजवर कोणी केली नाही, तेच भाषण कर.

 जाताना डेलियाने फक्त माझ्या बुटांचं माप विचारलं.