कच्चा दोरा

टॉरन्स, ४ मार्च

ती. झोर्काताईस,
नेवेन्काचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. गुडघा कसा आहे?

आमच्या दुर्बिणीची उन्हाची छत्री पुन्हा एकदा उघडून पाहिली. पाच पदर, केसाहून पातळ, टेनिसच्या मैदानाएवढे. ते घडी घालून यानाच्या टोकात बसवायचे आणि वर गेल्यावर आपोआप उलगडायचे. पदर ओढणाऱ्या दोऱ्या जमिनीवर सैल पडल्या तर निमूट खाली लोंबतात. वर त्यांना वजनच नसणार. तशी स्थिती मुद्दाम करून पाहिली, तर एक दोरी भलतीकडे तरंगत गेली, अडकली आणि पदर फाटला. दुर्बीण चंद्राच्याही पलीकडे जायची. तिथे सोडवायला कोण जाणार?

दाजी शेवटी याच कामात होते. साहेब म्हणाले, त्यांची घरची निळी वही मिळाली तर बरं होईल. जूनमध्ये शेवटची घडी घालायची आहे. ताई, वही देशील ना?

तुझी,
नेवेन्का

सॅन पेद्रो, ९ मार्च

चि. नेवेन्कास,
झोर्काचे अ. आ.

गुडघा आहे तसाच आहे. वही देणार नाही.

नऊ वर्षं तू प्रयोगशाळेत दिन्कोबरोबर पांढरा झगा घालून उभी राहिलीस. माझ्या वाट्याला आला तो रात्रीच्या जेवणावर पेंगणारा दिन्को. त्याला पुरलं त्या दिवशी तू त्याच्या गमती सांगितल्यास आणि सगळे हसले. मी त्याची बायको, मीही त्या पहिल्यांदाच ऐकत होते. तुला तिथे चिकटव म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. आपल्या हातानं ताट वाढून दिलं, दुसरं काय.

त्याचा दिवस कसा जायचा ते कळावं म्हणून मी वाचनालयातून दुर्बिणींवरची चार पुस्तकं आणून वाचली. तुमच्या दुर्बिणीची ती छत्री फाटली हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग उठून धुतलेलीच भांडी पुन्हा घासली.

तुला दिवस मिळाले. वही मला राहू दे.

झोर्का

टॉरन्स, १३ मार्च

ती. ताईस सा. न.

त्या गमती तीन होत्या, ताई. नऊ वर्षांत तीन. बाकी सारा वेळ तोंडावर फडकं, आणि दाजींचं बोलणं म्हणजे ताण, सोड, थांब. काही अडलं की म्हणायचे, घरी विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी बरोबर उत्तर घेऊन यायचे. अशा वेळी मला तुझाच राग यायचा. बाबांच्या होडीवर जाळी रचायला तू गेलीस. मी हाताशी येईपर्यंत होडी विकून झाली होती.

वही राहू दे. पुन्हा मागणार नाही.

नेवेन्का

सॅन पेद्रो, २१ मार्च

चि. नेवेन्कास अ. आ.

तुझं पत्र आल्यावर वही उघडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. सगळे आकडे. शेवटच्या पानावर सैल दोरीचं चित्र आणि खाली एक ओळ: झोर्काला विचारायचं. तारीख त्याला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीची. विचारायचं राहून गेलं.

तर उत्तर तुला लिहिते. पाण्यातही दोरी तरंगतेच. बाबा सैल दोरीच्या घड्या करून हात-हात अंतरावर कच्च्या सुती दोऱ्यानं बांधायचे. जाळं ओढलं की ताण यायचा आणि एकेक दोरा तुटत जायचा. दोरी लागेल तेवढीच सुटायची. मी बारा वर्षांची असताना शहाणपणा करून नवा नायलॉनचा दोरा बांधला. तो तुटेचना. जाळं मिटलेलंच राहिलं आणि सार्डिन माशांचा अख्खा थवा खालून निघून गेला. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हा दोरा कच्चाच घे, आणि त्याचं एक टोक दोरीलाच शिवून ठेव, नाहीतर तुटलेला तुकडा भटकत बसेल.

सोबत नमुना बांधून पाठवते. ओढून बघ. वही माझ्याकडेच राहील.

झोर्का

टॉरन्स, १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
घाईतला नमस्कार.

छत्री वर उघडली! एक दोरा तुटला की मोटरवरचा ताण जरासा उतरायचा आणि पडद्यावरची रेघ हलायची. मी मोजत होते. एकशे चार दोरे, सगळे तुटले. पाचही पदर ताणून बसले. ही युक्ती मुळात कुणाची, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, दाजींनी घरी विचारायचं ठेवलं होतं, ते मी विचारून आले. पहिलं छायाचित्र येईल तेव्हा तुझ्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवायला सांगितलं आहे.

नेवेन्का

सॅन पेद्रो, २२ फेब्रुवारी

चि. नेवेन्कास,
अ. आ., आणि शाबास.

खुर्ची नको. तुमची दुर्बीण आता तुझ्याही हाताला कधी लागणार नाही, हे मनात येऊन मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आता दोघी सारख्याच झालो.

वहीतल्या त्या ओळीखाली मी पेन्सिलनं लिहिलं आहे: विचारलं.

रविवारी सार्डिन भाजणार आहे. ये. त्या तीन गमती पुन्हा सांग, सावकाश. या वेळी मला एकटीला.

हेवा पुरता गेला असं समजू नकोस. माया मात्र होती तेवढीच आहे.

तुझी,
झोर्काताई