तोट्यातले शेअर आणि काकूचं नाव

मेहकर, २ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. भालचंद्रकाका,
शि. सा. नमस्कार.

म्हणून मी म्हणत होतो, तोटा म्हणजे नुसते बुडालेले पैसे नाही, तोही कामी येते! परवा तुम्ही फोन मधातच ठेवला, ठेवता ठेवता म्हणाले, पत्र लिही, ते आठ दिवस वाचाले पुरते. घ्या मग.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही म्युच्युअल फंड विकला, त्यात तीन लाख नफा झाला. सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर टॅक्स लागते, म्हणजे बावीस हजार तरी. पण प्रतिमाकाकूनं घेतलेले पाइप कंपनीचे शेअर दोन लाखांनी पडलेत. काकूच्या मागं ते तुमचेच. तुमच्या खात्यात घेऊन एकतीस मार्चच्या आत विकले, की तो तोटा या नफ्यातून वजा. टॅक्स झीरो! सीएच्या ऑफिसात मी हेच शिकून राह्यलो. काकूले जाऊन दोन वर्षं झाली, तिचं खातं अजून तसंच काऊन ठेवलं?

लोभ ठेवा, खात्याच्या फॉर्मवर सहीपण करा.
तुमचा पुतण्या शौनक

मु. बीबी, ८ फेब्रुवारी

चि. शौनकले अनेक आशीर्वाद.

मास्तर होतो बे मी, वजाबाकी समजते मले. खानावळीचा डबा बरा येते का?

खात्याचं विचारलं म्हणून सांगतो. तिचा फोन मी रोज चार्ज करतो. त्या शेअरपायी त्याच्यावर मेसेज येते, ‘डियर प्रतिमा’. आमच्यात बायकोले नावानं हाक मारत नसत. मी जन्मभर ‘ऐकलं का’ म्हणूनच बोलावलं. तिले नावानं बोलावणारे तिचे मायबाप, भाऊ, सारे गेले. आता या घरात तिचं नाव घेणारा तो मेसेजच उरला. खातं बंद झालं की तोही बंद. शेजारच्या अन्नपूर्णाबाई हसतात, म्हणतात, मास्तर कंपनीच्या प्रेमात पडले. हसू दे. मी भरतो बावीस हजार.

उन्हात फिरू नको. माया हायच.
तुझा काका

मेहकर, १३ फेब्रुवारी

ती. स्व. काका,
शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. ऑफिसातल्या सीए सरांले विचारलं, काही जमते का. ते म्हणाले, गेलेल्या माणसाचं खातं कधी ना कधी बंद करावंच लागते, आणि पुढच्या वर्षीचा तोटा यंदाच्या नफ्यातून वजा होत नाही. विकलेले शेअर दुसऱ्या दिवशी परत घेता येतात, पण मेसेज मग ‘डियर भालचंद्र’ येईन. याच्यावर माझ्याकडं आयडिया नाही, काका. रूमवर मलेही नावानं बोलावणारी फक्त बँकच हाय, म्हणून थोडं समजलं.

फॉर्म भरून ठेवला. रविवारच्या एसटीनं घेऊन येतो. सही नाही केली तरी जेवूनच जाईन.

रागावले तरी आपला समजा.
तुमचा शौनक

ता.क. घरात कोणी नसताना तुम्हीच एकदा मोठ्यानं ‘प्रतिमा’ म्हणून पाहा ना. काकूले राग येईन का? तुमाले काय वाटते?