झाकणाचा वास

तीर्थरूप आईच्या पायावर गोकुळचं डोकं.

मी बरा हाय. जहाजावर जेवण पोटभर मिळतं, काळजी करू नको. तुझा गुडघा कसाय? बजाजनगरात नळाला पाणी येतंय ना?

माझी ड्युटी आता जहाजाच्या दारात लागली. सहलीच्या लोकांनी आपली दारू आत आणायची नाय, जहाजावरचीच विकत घ्यायची, असा नियम हाय. तरी लोक पाण्याच्या बाटलीत घालून आणतात. मी झाकण उघडून वास घेतो अन् बेसिनमध्ये ओततो. साहेब म्हणले, "तुझं नाक लई तेज, कुठं शिकलास?" मी पुढची बाटली उघडली. आप्पा कंपनीतून आले की तू उंबऱ्यातच त्यांची बाटली हुंगायचीस, हे त्यांना काय सांगू?

काल एका म्हाताऱ्याची बाटली ओतली. तो भांडला नाय. आप्पांवानी खाली बघत उभा राहिला. जेवताना हाताला तोच वास येत होता.

हे पत्र एकटी असताना वाच. फोन धाकट्या कृष्णाकडं असतो, म्हणून कागदावर लिहितोय. परवा व्हिडिओ कॉलवर तो सारखा बाटलीतून पाणी पीत होता अन् दर घोटाला तोंड वाकडं करत होता. पाण्यानं तोंड वाकडं होतं का गं?

आप्पा गेल्यावर तू म्हणलीस, "आता कुणाची बाटली हुंगायची नाय, सुटले बाई." तरी हे वाचशील त्या दिवशी कृष्णा कामावरून आला की एकदा त्याच्या बाटलीचं झाकण उघड.

मी इथं साऱ्या जगाच्या बाटल्या उघडतो. तिथवर माझा हात पोचत नाय.

तुझाच,
गोकुळ