मुकुटावरचे हिरवे तारे

फ्लॉरेन्स, मंगळवार, २३ नोव्हेंबर १९४३

आज घरात आलं — चेस्टनटचं पीठ, सत्तर लिरा, नुसती लूट. कोबी एक. व्हिनेगरची बाटली, सहा लिरा. दिव्याचं तेल मिळालं नाही.

न मागता आलं — ओरेस्तेने त्याच्या घड्याळांच्या दुकानातून कोटाच्या अस्तरात दडवून आणलेला पत्र्याचा डबा. आत ती अंधारात चमकणारी पूड. दुकानाच्या मालकांचे आजोबा साधी घड्याळं विकायचे. मग नौदल आलं, म्हणालं, काळोखात वाचता येईल असं काही करून द्या. आधी होकायंत्रं झाली, मग तोफांच्या नेमाची भिंगं, शेवटी पाणबुड्यांची बशीएवढी मनगटी घड्याळं. आता जर्मनांना ती त्यांच्या पाणबुड्यांसाठी हवीत. मालकांनी त्यांना सांगितलंय, पूड संपली. घरात सापडली तर माझ्या नवऱ्याला भिंतीशी उभा करतील.

“पिठाच्या रांजणामागे ठेव,” ओरेस्ते म्हणाला. “आणि एर्सिलिया, आईला सांगू नकोस.”

शनिवार, २७ नोव्हेंबर

कोपऱ्यावर गर्दी. दिवेबंदीमुळे तिथल्या कोनाड्यातल्या मारियामातेचा दिवा सप्टेंबरपासून बंद आहे. आज संध्याकाळी तिच्या मुकुटातले सगळे तारे हिरवे पेटलेले. शेजारची चेझिरा चिखलात गुडघे टेकून — “तेल नाही, वात नाही, बघ गं!” लोक रडत होते. तो हिरवा रंग मी रोज ओरेस्तेच्या बाहीवर बघते.

घरी येऊन डबा बघितला. झाकण सैल.

सासूबाई शांतपणे घेवडा निवडत होत्या. “दिवा लावू देत नाहीत, म्हणून देवाच्या आईने काळोखात बसायचं? तुम्ही लपवलंत, मी सत्कारणी लावलं. अंड्याच्या पांढऱ्यात कालवलं.” वर मलाच ऐकवलं — “माझ्या बापाने जन्मभर संतांच्या मूर्ती रंगवल्या. कुंचला ओठांत ओढल्याशिवाय टोक येत नाही, तुला काय कळणार त्यातलं.”

ओरेस्तेला म्हटलं, विझव ते. तो खाली बसला. “तो दिवा नाहीये, बाई. आपण मेल्यावरही तो पेटलेलाच राहणार.”

रविवार, २८ नोव्हेंबर

तारे बघायला नदीपलीकडून माणसं येताहेत.

बुधवार, १ डिसेंबर

चेझिरा सांगत आली — आज एक जर्मनसुद्धा येऊन गेला. “गुडघे नाही टेकले मेल्याने. मनगट वर धरून घड्याळ आणि तारे ताडून बघत होता. हा काय वेळ लावायला आला होता?” ती हसली. मीही हसले.

शनिवार, ४ डिसेंबर

मातेच्या आठ तारखेच्या सणाआधी गल्लीतल्या बायका आळीपाळीने तिला धुतात. माझी पाळी सोमवारची, ती मागून आज घेतली. दिवसाढवळ्या तारे दिसत नाहीत, तेवढाच आधार. व्हिनेगर आणि सुरी घेऊन खरवडलं. माते, मला क्षमा कर.

“हळू गं,” चेझिरा म्हणाली, “पातेलं आहे का ते?”

ओरेस्ते कोब्यांच्या गाडीतून डबा घेऊन डोंगरात मुजेल्लोला चुलत्याकडे गेला. संध्याकाळी बघते तर माझी नखं हिरवी. घासून घासून रक्त आलं, रंग गेला नाही.

मंगळवार, ७ डिसेंबर

मुकुटात पुन्हा एक तारा. सासूबाईंनी थोडी पूड अंड्याच्या पेल्यात बाजूला ठेवली होती. “सगळे पुसलेस. एक तरी राहू दे म्हातारीचा,” म्हणाल्या. उरलेलं मी संडासात ओतलं, आणि दिवेलागणीला, दुकानातल्या माणसांची घरं तपासत, ते आलेच. तो घड्याळवाला जर्मन, बरोबर आपल्याच गावचा एक काळा डगलेवाला फॅसिस्ट.

त्याने कपाटं उघडली नाहीत. स्वतःच्या हाताने दिवा मालवला आणि काळोखात उभा राहिला. मी कणीक मळत होते. दोन्ही हात मनगटापर्यंत आत खुपसले. काही दिसलं नाही. वाटलं, वाचलो.

कोपऱ्यात सासूबाई जपमाळ ओढत होत्या. प्रत्येक ‘नमो मारिया’ला तोंड उघडे, आणि आत हिरवं चमके. ओठ, दात, जीभ.

त्याने काडी ओढली. ती त्यांच्या तोंडाजवळ नेऊन बघितलं. मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, “आजी, कुंचला तोंडात?”

“टोकासाठी,” सासूबाई म्हणाल्या. पोराला समजवावं तशा.

त्याने टोपी काढली. डगलेवाल्याला म्हणाला, “इथे काही नाही. चल.” गेले.

मी जमिनीवर बसून देवाचे आभार मानले.

गुरुवार, ९ डिसेंबर

गल्ली म्हणते, जर्मन मातेपुढे नमला. मीही काल दिवसभर तेच धरून चालले होते. पण आमच्या घरातला मातेचा फोटो त्याच्या पाठीमागे होता. शवपेटी जाताना पुरुष टोपी काढतात ना, तशी त्याने ती सासूबाईंकडे बघून काढली.

ओरेस्तेला दोनच ओळी लिहून टाकल्या. आम्ही सुखरूप आहोत. ती पूड पोटात गेली तर माणसाला काय होतं, तुला ठाऊक असेल ते खरं खरं उलट टपाली कळव.