परत आलेला माल

माय,

परवा तुझा फोटो लागला. अकोल्याच्या एमआयडीसीत, त्याच ओतकामाच्या कारखान्यात, तपासणीच्या त्याच शेडमध्ये, जिथे उभी राहून तू गाड्यांचे ब्रेक ड्रम ठोकून पाहायचीस. फोटोला झेंडूचा हार, खाली काचेच्या पेटीत तुझा हातोडा. त्याआधी मॅनेजर अमरावतीला माझ्या घरी आला होता. म्हणाला, ‘मॅडम, आमच्या मावशीवर तुमीच बोला. सारा वऱ्हाड तुमचं भाषण ऐकते.’ ताई स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी बाहेर आली. ‘मायचा फोटो लागून राहिला? खरंच?’ त्याच दिवशी तिने पेटीतलं चांगलं लुगडं काढून उन्हात टाकलं. तू गेल्यापासून ती माझ्याकडेच असते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. नवऱ्याने शेवटी टाकलीच तिला.

तुझं काम मी पाहिलं आहे. ड्रम आकड्याला टांगलेला असायचा. तू हातोडा मारायचीस आणि डोळे मिटायचीस. खण्ण वाजला तर पुढे. बद्द वाजला तर लाल फुली, आणि भट्टीत परत. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या लोखंडाच्या पोटातली चीर तुला ऐकू यायची. तो कान खरा होता, ते मी नाकारत नाही. त्या ड्रमच्या भरवशावर कुणाची तरी गाडी घाटात थांबणार होती. पण हातोडा तू कारखान्यात ठेवून कधी आलीच नाहीस. शेजारीण बद्द, मामी बद्द, देवळातला पुजारी बद्द. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले तेव्हा मी ढाल तुझ्या पायाशी ठेवली. तू म्हणालीस, ‘मांगं उभी राहून ऐकलं म्या. आवाज मोठा हाय तुहा, पन बद्द हाय. पोटात काई नाई.’ मी तेव्हापासून वाचत सुटले. हाताला लागेल ते वाचलं, अजून वाचते. लोक म्हणतात, आईने घडवलं. हो, घडवलं. चाबूक बैलाला घडवतो तसं.

मग एकदा तू पास केलेला माल पुण्याहून परत आला. एका ड्रमला चीर निघाली होती. मालकाने सगळ्यांसमोर तो तुझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘मावशी, कान धुवत जा.’ तो वजनदार ड्रम कुशीत धरून तू उभी राहिलीस, आणि आजूबाजूचे हसले. घरी येऊन तू जेवली नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडलीस आणि पुटपुटत राहिलीस, ‘माल परत आला. माह्या हातचा माल परत आला.’ मला तुझी दया आली होती. ती शेवटची.

कारण त्याच आठवड्यात, भर दुपारी, ताई सासरहून, वलगावहून आली. हातात पिशवी, ओठ फाटलेला. तू उंबऱ्यात उभी होतीस, बाजूला झाली नाहीस.

‘माय, मारते तो मले. ठेवून घे.’

‘काय चुकलं तुहं?’

‘काई नाई चुकलं.’

‘काई चुकल्याबिगर माल परत येत नाई. काहून आली तू? लोकं हसतीन मले. चाल, गाडी भेटते अजून.’

पाणीसुद्धा दिलं नाहीस. तिच्या दंडाला धरून एसटी स्टँडवर नेलंस आणि बसवून दिलंस. आता ऐक. लाल फुलीचं लोखंडसुद्धा तुमच्याकडे फेकत नव्हते, माय. ते भट्टीत जायचं, वितळायचं, पुन्हा साच्यात पडायचं. त्या कारखान्यात भंगारालाही दुसरा जन्म होता. तुझ्या घरात पोटच्या पोरीला नव्हता. मालकाने तुला जे केलं त्याचा सूड घ्यायला तुला मालक सापडला नाही, ताई सापडली.

आणि तो पोळा. ताई सणाला आली होती, हाक मारली तरी वळत नव्हती. तू तांब्या घेतलास, तिच्या एका कानाशी चमच्याने वाजवलास, मग दुसऱ्या कानाशी. ‘डावा गेला,’ तू म्हणालीस. ‘इकडून बद्द हाय.’ कोणी मारलं, कधी मारलं, काही विचारलं नाहीस. तपासणी झाली होती. तू पुरण वाटायला बसलीस.

परवा मी हे सगळं बोलले. मॅनेजरने मला ‘गुणवत्तेची आई’ असा विषय दिला होता. मी म्हणाले, या बाईने जगातल्या अनोळखी लोकांचा जीव वाचवला आणि स्वतःच्या लेकीचा कान घालवला. म्हणाले, ज्या दिवशी या देशातली आई परत आलेल्या मुलीला माल समजणं थांबवेल, त्या दिवशी तिचा फोटो लावा. समोर तपासणीच्या पोरी बसल्या होत्या, त्यातल्या एकीने पदर डोळ्याला लावला. मी अशी कधी बोलले नव्हते. तू मागे उभी असतीस तरी तुला चीर सापडली नसती.

परतताना मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ताई गाडीच्या खिडकीकडे तोंड करून होती. मग म्हणाली, ‘तुले कोणं सांगतलं व्हतं माहं सांगाले?’

‘तुझं नाव कुठे घेतलं मी? एक मुलगी म्हणाले.’

‘एक मुलगी समोरच्या खुर्चीत बसून व्हती. लुगडं नेसून. सारे तिच्याकडं पाहून राहिले व्हते.’

‘मी खोटं बोलले का?’

‘नाई. खरंच बोलली. मायबी खरंच बोले.’

तेव्हापासून तिचं माझं बोलणं नाही. जेवायला वाढते. मी बोलायला तोंड उघडलं की डावा कान माझ्याकडे करून बसते.

मी एक शब्दही मागे घेणार नाही, माय. उद्या पुन्हा बोलावलं तर पुन्हा बोलेन. तुला माफी नाही. तू मागितलीही नसतीस. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. एवढंच लिहून ठेवते की परवा ताई रांगेतून उठून, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, ती मला व्यासपीठावरून दिसत होती. तेव्हा टाळ्या चालू होत्या. त्या संपेपर्यंत मी थांबले.