शंकर हरलेला नाही

५ जानेवारी
आजपासून संशोधन सुरू. दुकान मुलाच्या, श्रीशैलच्या ताब्यात दिलं तेव्हाच ठरवलं होतं, रिकामं बसायचं नाही. अंबाजोगाईच्या इतिहास मंडळाच्या योगिता मॅडमनी व्याख्यानासाठी महाशिवरात्रीनंतरची तारीख दिलीय. विषय: शिल्पातला सारीपाट. घाटनांदुराबाहेरच्या पडक्या देवळात शंकर-पार्वती सारीपाट खेळताहेत, ते शिल्प. सगळे म्हणतात त्यात शंकर हरतोय. तसं नाही, हे सिद्ध करायचं. रोज चार पानं.

६ जानेवारी
बद्रीनाथला घेऊन देवळात गेलो. शाळेपासूनचा मित्र, जन्म मेंढरांमागे गेला. म्हणाला, शंकर हरलाच की बे, खाली बघ, नंदीला दावं लावून ओढायलेत, पार्वतीनं जिंकलाय त्याला. मी म्हणालो, चरायला नेत असतील. तो शिल्पाला टेकून हसला. कलेची दृष्टी सगळ्यांना नसते. लिखाण: शीर्षक झालं.

९ जानेवारी
नुसतं पुस्तकी काम उपयोगाचं नाही, प्रॅक्टिकल हवं. जगदेवीचा सारीपाट ट्रंकेतून काढला. गेल्या दिवाळीत तिला जाऊन वर्ष झालं. संसारभर आम्ही संध्याकाळी खेळलो. तीच जिंकायची असं घरचे म्हणतात. माझे डाव अपुरे राहिले, इतकंच. मागच्या खोलीत तिच्या खाटेशेजारी पट मांडला. लाल सोंगट्या माझ्या, हिरव्या तिच्या. दोघांच्याही कवड्या मीच टाकणार, निःपक्षपातीपणे. समोर तिचं बसकर ठेवलंय, ते केवळ जागेच्या अंदाजासाठी.

१० जानेवारी
पूजा आटोपून खोलीत गेलो तर सोंगट्या हललेल्या. माझ्या लाल पार कडेला. हिरव्या चारही मधल्या घराच्या तोंडाशी. अंगावर काटा आला. थंडी आहे.

११ जानेवारी
पुन्हा तेच. आपल्या लिंगायतांत गेलेलं माणूस लिंगैक्य होतं, शिवात मिसळतं, मागे फिरत नाही. त्यामुळे भुताचा प्रश्नच येत नाही. मांजर किंवा पंखा. सूनबाईला विचारावं वाटलं, पण रोहिणीला या विषयात काडीचा रस नाही. तिला काय विचारायचं? पंखा बंद केला.

१४ जानेवारी, रात्री
संक्रांत. पटाभोवती ज्वारीचं पीठ भुरभुरलं. कोणी का असेना, पाऊल उमटणारच. याला सायन्स म्हणतात.

१५ जानेवारी
पाऊल नाही. पीठच नाही! कणभरसुद्धा नाही, फरशी लख्ख. बराच वेळ दारात उभा राहिलो. जगदेवीला पसारा कधी खपला नाही. आता शंकेला जागा उरली नाही असं मी लिहिणार नाही, कारण मी अभ्यासक आहे. पण दुपारी तिच्यासाठी पान लावून ठेवलं.

२२ जानेवारी
डाव रंगलाय. ती रडीचा डाव खेळते, पहिल्यापासूनच. दान पडलं दोन, आणि सकाळी बघावं तर सोंगटी पार पुढे. तोंडावर सांगितलं तिला. रोहिणी दारातून म्हणाली, कावून एकटेच बोलायलात मामा, बरं हाय ना? व्याख्यानाची तालीम, म्हणालो. मग बद्रीनाथ आला तो थेट बसकरावरच बसला. ओरडलो त्याच्यावर. चहा न घेता गेला. लिखाण: शीर्षक बदललं.

१ फेब्रुवारी
रोहिणी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नेकनूरला गेली. छान झालं, घर शांत. व्याख्यानाआधी हा डाव जिंकायचाच.

२ फेब्रुवारी
काही हललं नाही. विचार करत असेल.

४ फेब्रुवारी
नाहीच. फुरंगटलीय. रडीचा डाव म्हणालो ते लागलं असणार. शब्द मागे घेतला, मोठ्याने. श्रीशैल दुकानातून आला, दारातूनच बघून परत गेला.

७ फेब्रुवारी
तिची एक हिरवी मीच मधल्या घरात नेली. नियमात बसत नाही. सोंगटी ठेवली तिथेच आहे. पटावर धूळ साचलीय, बोट फिरवलं तर रेघ उठते. तिला हे खपलं नसतं. जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी
मागच्या खोलीत जायला नको वाटतं. सोंगट्या हलायच्या तेव्हा लोक म्हणाले असते भीती वाटली असेल. भीती नव्हती वाटली. आनंद झाला होता. भीती आता वाटते, आत कोणीच नाही याची.

महाशिवरात्र
गर्दी ओसरल्यावर शिल्पासमोर बसलो. नंदी चरायला चाललेला नाही. पाय रोवून उभा आहे आणि दावं ताणलंय. हरलाय शंकर, चक्क हरलाय. आणि गालात हसतोय. इतक्या वर्षांत ते हसणं मला दिसलं नव्हतं. हरला तरी समोर ती बसलेली आहे. त्याचं बरंय.

१८ फेब्रुवारी
व्याख्यान झालं. काय बोललो नीट आठवत नाही. शेवटी योगिता मॅडमनी विचारलं, मग जिंकलं कोण? डाव चालू आहे, म्हणालो आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. लोकांना ते गहन वाटलं असावं.

२० फेब्रुवारी
रोहिणी काल परत आली. आज पूजेत मन लागेना, अर्ध्यातून उठलो. मागच्या खोलीत रोहिणी, हातात केरसुणी. पट सोंगट्यांसकट गोळा करून खाटेवर ठेवलेला.

म्हणाली, लई धूळ बसलती मामा. मी रोजच उचलून झाडते की. सोंगट्या मग जमंल तशा ठिवते, हिरव्या मधी बऱ्या दिसत्यात. संक्रांतीला तर कुणी पीठ सांडलतं.

खाटेवर बसलो. ती घाबरली. तुमच्या लिखाणाचं काही बिघडलं का, म्हणून दोनदा विचारलं.

काही नाही, म्हणालो. रोज झाडत जा. आणि हिरव्या मधेच ठेवत जा.

तिने पट अंथरला, हिरव्या मधे ठेवल्या, बसकर झटकून समोर टाकलं आणि केर भरून गेली. मी कवड्या टाकल्या. दोन पडले. दोन घरं पुढे सरकलो.

तुझं दान, म्हणालो.