गाळलेला किनारा

त्सुफेनहाउझेन, श्टुटगार्ट
रविवार, ३० सप्टेंबर २००७

ती. सौ. आईंना,

नीलिमाचा वाकून नमस्कार, आणि पुण्यातल्या तुमच्या अख्ख्या भिशी मंडळालाही.

इकडे आम्ही तिघं मजेत आहोत. तुमचा हृषिकेश कारखान्यातल्या नव्या मॉडेलच्या गडबडीत आहे. घरी येतो तेव्हाही गिअरबॉक्सबद्दलच बोलतो. निधीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आत्ता तिला विचारलं, "आजीला पत्र लिहितेय, काय कळवू?" तर म्हणाली, "साग ईअर, माइन त्सान इस्ट वेक!" थोडक्यात, पुढचा दात पडला.

आज रविवार, म्हणजे इमारतीत वॉशिंग मशीन लावायचं नाही, व्हॅक्यूम फिरवायचा नाही. पत्र लिहायला आवाज होत नाही, म्हणून परवानगी आहे. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची होती. केरवोखे म्हणतात इथे. पाटी दारावर लटकते आणि शेजारच्या फ्राऊ हेबरले पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवून बघतात. तुमची आणि त्यांची गाठ पडली, तर इमारतीचं भलं होईल आणि माझं काही खरं नाही.

आता मुख्य विषय. भिशी मंडळाच्या चौदा बायका, नोव्हेंबरात आठ दिवस, आणि थेट माझं मॉरिशस! तुम्ही लिहिता की टूरवाल्यांच्या पुस्तकात नुसते हॉटेलांचे फोटो आहेत, तेव्हा 'तू चोवीस वर्षं तिथे काढलीस, तूच लिहून पाठव.' भूगोलाच्या मुख्याध्यापिकेला मी बेट समजावून सांगायचं म्हणजे कठीणच. पण नकाशा उघडून बसा. उत्तरेकडून निघू आणि घड्याळाच्या काट्यांबरोबर किनाऱ्यानं जाऊ.

ग्राँ बेला सगळे टुरिस्ट असतात आणि सगळं महाग असतं. संध्याकाळी पुळणीवर बसा, गार वारा खा. पर्सा हॉटेलातच ठेवायला लावा, नाहीतर शोभनामावशी तिथेच अर्धी बॅग भरतील. तिथून जवळ काप मालेरे. तिथलं लाल छपराचं चर्च प्रत्येक पोस्टकार्डावर असतं. फोटो काढा आणि लगेच चर्चकडे पाठ करा. समुद्रात समोर पाचरीसारखं एक बेट दिसतं, ते फोटोत कधीच नीट येत नाही.

पूर्वेला त्रू दो दूस. होड्या इथून सुटतात. नावाडी पहिला भाव सांगेल तेव्हा फक्त हसायचं, बोलायचं नाही. पायात रबरी चपला हव्यात, पाण्यात तळाशी काटेरी गोळ्यांसारखे समुद्री साळू असतात. माझ्या टाचेत एकदा काटा मोडला होता, तो माझ्या बाबांनी पपईचा चीक लावून काढला.

माएबूरला सोमवारीच जा, त्या दिवशी बाजार असतो. तिखटमीठ लावलेलं अननस काडीवर मिळतं. दाल पुरी तर खायलाच हवी. पुरणपोळीची बहीण, पण गोड नाही. आत डाळ, वर घेवड्याची उसळ आणि मिरची. ती जोडीनंच विकतात. एकच मागितलीत तर पुरीवाला तुमच्याकडे फार दयेनं बघेल. गातो पिमाँ म्हणजे आपला डाळवडा, फ्रेंच नाव लावून बसलाय. तो सकाळी पावात घालून खातात.

दक्षिणेला सुयाक. बेटाभोवती सगळीकडे पोवळ्यांचा बांध आहे, म्हणून समुद्र शांत. इथे तो बांध तुटलाय आणि लाटा सरळ काळ्या खडकांवर येऊन आदळतात. बघायचं, पाण्यात पाऊल टाकायचं नाही. विलासकाकूंना सांगा, त्यांना सगळीकडे पाय बुडवायची हौस.

तिथून बस फ्लिक-आँ-फ्लाकला जाते. मधे विशेष काही नाही, डुलकी काढली तरी चालेल. फ्लिक-आँ-फ्लाकला सुरूच्या झाडांखाली रविवारी अख्खी कुटुंबं पातेली घेऊन जेवायला येतात. सूर्य तिथे अगदी समोर बुडतो. शेवटी पोर्ट लुईला बाजारात आलूदा प्या, म्हणजे आपला फालुदा, आणि विमानात बसा.

ब्लडप्रेशरची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा. हृषिकेशच्या ती. बाबांना नमस्कार.

आपली
नीलिमा


त्सुफेनहाउझेन
रविवार, २१ ऑक्टोबर २००७, दसरा

ती. सौ. आईंना,

दसऱ्याचा नमस्कार. इथे आपट्याची पानं नाहीत, निधीनं मेपलची लाल पानं गोळा करून सोनं म्हणून वाटली. फ्राऊ हेबरलेंनाही एक दिलं. त्यांना वाटलं जिन्यात कचरा केला.

तुमचं पत्र बुधवारी आलं. तुमचं एवढं छोटं पत्र मी पहिल्यांदाच बघितलं. "सुयाक आणि फ्लिक-आँ-फ्लाक यांच्या मधला पन्नासेक किलोमीटर किनारा कुठे गेला? तुझं गाव त्यातच आहे ना?"

भूगोलाच्या बाईंपासून किनारा चोरायला निघाले होते. पकडली गेले. आता खरं लिहिते, आणि एकदम लिहिते, नाहीतर परत डाळवड्यावर जाईन.

माझं गाव पेतीत सालीन. रस्त्याच्या एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला चाळीस मराठी घरं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन मीठ वाहतात. बाबा तिथे मुकादम होते. पण गावात त्यांचा मान मिठामुळे नाही, झाकरीमुळे आहे. कोकणातली जाखडी ती हीच. उसाच्या मळ्यांवर मजुरीला निघालेल्या आमच्या पणजोबांनी रत्नागिरीहून बरोबर नेली. घुंगरू बांधून, मृदंगावर, गोल फिरत गायची.

आमच्या गावात मुलीच्या लग्नात तिचा बाप स्वतः नाचतो. गाणं बावीस कडव्यांचं. शेवटच्या कडव्यात मुलीच्या सासूचं नाव घालायचं आणि मुलगी तिच्या हवाली करायची. सप्तपदी होऊ दे, मंगळसूत्र होऊ दे, ते कडवं म्हटल्याशिवाय मुलगी दिली असं आमच्याकडे कोणी धरत नाही.

डिसेंबर २०००, पुणे, आमचं लग्न. बाबा चार म्हाताऱ्या मित्रांना घेऊन आले होते. मृदंग मांडीवर घेऊन विमानात बसू द्या म्हणून एअरहोस्टेसशी भांडले. तीन महिने तालीम केली होती. पण त्यांनी सुरुवात केली आणि तेवढ्यात पानं मांडून झाली. लोक हसायला लागले. कुणीतरी विचारलं, लोककलेचा कार्यक्रम ठेवलाय का? सहाव्या कडव्यानंतर तुम्ही पुढे आलात, शाळेत वाजवायचात तशा तीन टाळ्या वाजवल्यात आणि म्हणालात, "छान, फारच छान! आता पंगत खोळंबलीय."

इथे तुम्हाला वाटेल, सून सात वर्षांनी माझ्यावर ठपका ठेवतेय. तसं नाही आई. तुमच्या टाळ्यांनी बाबा थांबले नव्हते. त्यांनी सातव्यासाठी श्वास घेतला होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मनगटावर बोट ठेवून दाखवलं. पुरे, उशीर होतोय. मला लाज वाटत होती. त्यांच्या धोतराची, घुंगरांची, 'नाय' म्हणण्याची. पुण्याच्या माणसांसमोर मला पुण्याची व्हायचं होतं. बाबांनी घुंगरू सोडले आणि ते पंगतीत जाऊन बसले.

ते रागावलेले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करतात, "हवा कशी आहे?" विचारतात आणि दोन मिनिटांत ठेवतात. पण इकडे येत नाहीत. तीनदा व्हिसाचे कागद केले, तीनदा नाही म्हणाले. "अजून तुला दिलीच नाय, तर तुझ्या सासरी पाहुणा म्हणून येऊ कसा?" मला थट्टा वाटायची. निधी दोन वर्षांची असताना आम्ही गावी गेलो, तेव्हा माझी खोली लग्नाआधी होती तशीच ठेवलेली, एकच कॉट, आणि हृषिकेशची गादी पडवीत घातली होती. त्याला वाटलं, उकाड्यामुळे. तुमचा मुलगा फार सरळ आहे.

बाबा आता बहात्तर वर्षांचे आहेत. मला त्यांना इथे, माझ्या स्वयंपाकघरात बसलेलं बघायचंय. एवढंच हवंय मला, आणि सात वर्षं ते कुणालाच सांगता आलं नाही.

तुमची बस त्याच रस्त्यानं जाणार. वाट लिहून ठेवते. ल मॉर्नचा डोंगर मागे पडला की डाव्या हाताला मिठागरं लागतात. समोर निळ्या दाराचं घर, दारात पपई, भिंतीवर गणपती. या पत्राचं उत्तर दिलं नाहीत तरी मी काही म्हणणार नाही. आणि त्या रस्त्यावर डुलकी लागलीच, तर तीही मीच सुचवली होती.

तुमची
नीलिमा


त्सुफेनहाउझेन
रविवार, २ डिसेंबर २००७

ती. सौ. आईंना,

आज नाताळाआधीच्या ॲडव्हेंटचा पहिला रविवार. फ्राऊ हेबरलेंनी डबाभर बिस्किटं आणून दिली. मी त्यांना चकल्या दिल्या. त्यांनी एक खाल्ली, पाणी प्यायल्या आणि आणखी चार घेतल्या.

तुम्ही हॉटेलातून केलेला फोन एका मिनिटाचा. "बस थांबवली. बाकी भेटीत." त्यानंतर दहा दिवस मी कसे काढलेत ते हृषिकेशला विचारा. काल बाबांचा फोन आला. पहिला रविवार नव्हता, शनिवार होता, आणि चाळीस मिनिटं बोलले! फोनची दोन कार्डं संपली. तुम्ही तिथे होतात, पण त्यांच्या तोंडून ते कसं आलं ते तुम्हाला कळायलाच हवं.

"अकराच्या सुमाराला मोठी बस थांबली," बाबा म्हणाले. "पांढरे बूट घातलेल्या बायका उतरल्या, एकामागून एक. मला वाटलं, वाट चुकल्या. पहिली आली ती सरळ पपईखाली उभी राहिली आणि म्हणाली, 'दीनानाथराव, मी अहिल्या. सातव्या कडव्यापासून पुढचं ऐकायला आलेय.'"

 बाबा म्हणाले, मधूनच सुरू करता येत नाही, पहिल्यापासून म्हणावं लागेल. तुम्ही म्हणालात, मग पहिल्यापासून.

चार मित्रांपैकी आता दोघंच उरलेत. नागेशकाका मिठागरातून ओल्या पायांनीच आले. मृदंग सैल पडला होता, तो चुलीपुढे धरून तापवला. घुंगरू कुठे आहेत ते बाबांना शोधावं लागलं नाही. त्यांनी ते सांगितलं नाही, पण मला माहीत आहे, माझ्या कॉटखाली होते.

"तुझी सासू उन्हात उभी होती. खुर्ची दिली, बसली नाय," बाबा सांगत होते. दहाव्या कडव्याला टूरवाल्यानं हॉर्न वाजवला. चौदाव्याला तो आत आला आणि म्हणाला, मॅडम, रिसॉर्टचं जेवण दीडपर्यंतच आहे. तुम्ही मागे वळून न बघता म्हणालात, "पंगत थांबेल."

आई, मी इथे फोन हातात धरून स्वयंपाकघरातच खाली बसले. निधी विचारत होती, "ममा, वारुम वाइन्स्ट दू?" तिला म्हटलं, रडत नाहीये, हसतेय. दोन्ही होतं.

बाविसाव्या कडव्यात त्यांनी तुमचं नाव घातलं. तुम्ही पदर पुढे केलात. हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं. बाबांनी त्यात मूठभर मीठ घातलं, तशी आमच्याकडे रीतच आहे. ते म्हणाले, "मला वाटलं, बसमध्ये सांडेल. पण तिनं गाठ मारली." शोभनामावशींनी त्यावर शिट्टी वाजवली हेही कळलं. शिट्टी! भिशी मंडळाला माझा खास नमस्कार.

मग मी ते बोलले. म्हटलं, "बाबा, लग्नात मी मनगटावर बोट ठेवलं होतं." ते म्हणाले, "बघितलं होतं गो. घड्याळ नव्हतं तुझ्या हातात, चुडा होता. म्हटलं, लेक सासरच्या माणसांत उभी आहे, तिला अवघड नको करायला. म्हणून थांबलो." एवढंच. चार वाक्यं. मी सात वर्षं त्यांचा अपमान मोजत बसले होते आणि ते मला सांभाळत होते.

निघताना तुम्ही त्यांना म्हणालात ना, "मला तर ते लग्नातलं आठवतच नव्हतं, त्याचंच जास्त वाईट वाटलं"? तेही त्यांनी सांगितलं. एरवी कुणाचं सहज न मानणारे बाबा म्हणाले, "बाई खरी आहे."

फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "तिकडे एप्रिलात थंडी असते का? कोट इथून आणू की तिथे मिळेल?" उद्या सकाळी आठला मी पाहुण्याच्या हमीच्या कागदासाठी आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीच्या, दारात उभी असणार. फ्राऊ हेबरलेंना घुंगरांबद्दल आधीच विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "सोमवारी नाचू दे, रविवारी नाही." हृषिकेशला पडवीतल्या गादीचं खरं कारण सांगितलं. तो अजून हसतोय.

माझ्या पहिल्या पत्रात एवढी दुरुस्ती करून ठेवा आणि मैत्रिणींनाही सांगा: सुयाक आणि फ्लिक-आँ-फ्लाक यांच्या मधे पेतीत सालीन लागतं. तिथे डुलकी काढू नये. बस थांबवावी.

आणि ते मीठ वापरलंत का? संपवू नका, एप्रिलात बाबा इथे आले की तुम्हीही या, येताना चिमूटभर आणा. पहिल्या दिवशीची आमटी त्याच मिठाची करेन.

आता रीतसर तुमच्या पदरात पडलेली,
तुमची सून
नीलिमा